मलिक-इ-मैदान तोफेचा धातु : एका रासायनिक आंकड्याची परीक्षा

१

इतिहाससंशोधनांत साधनांची प्रतवारी करण्याची शिस्त आपल्याकडे आतां चांगली रुजली आहे. पत्र हातीं आलें कीं त्याचा शिक्का, मोर्तब, कागद, अक्षरवटिका व कालगणना यांचा मेळ पाहिल्यावांचून त्यावर कोणी हवाला ठेवीत नाहीं. बखरीचें विधान पुढें आलें तर बखर केव्हां लिहिली, कोणासाठीं लिहिली, लेखकास ती हकीकत कोठून कळली, हें विचारलें जातें. परंतु याच संशोधकापुढें रसायनशाळेंतून आलेला एखादा आंकडा ठेवला म्हणजे त्याची चिकित्सक बुद्धि एकाएकीं नम्र होते. दशांशचिन्हापुढें तीन अंक दिसले कीं वाद मिटला, अशी समजूत होऊन बसते. वस्तुतः पृथक्करणाचा आंकडा हाही एक लेखच आहे. तो कोणीतरी, केव्हांतरी, एका विशिष्ट रीतीनें, एका विशिष्ट तुकड्यावरून लिहिलेला असतो. पुढें तो नकलला जातो, आणि नकलतांना त्याचा कर्ता, काळ, रीत व तुकडा हीं चारही अंगें गळून केवळ अंक तेवढे उरतात. अशा आंकड्याची परीक्षा इतिहासाच्या अभ्यासकानें करावी कीं नाहीं, आणि करावी तर कोणत्या कसोट्यांनीं, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. उदाहरण घेतलें आहे तें निजामशाही नगरांत ओतलेल्या मलिक-इ-मैदान तोफेचें.

२

या तोफेचा व नगर-भिंगार परिसराचा संबंध प्रथम थोडक्यांत सांगितला पाहिजे. इ. स. १४९० मध्यें मलिक अहमदानें भिंगारच्या आसमंतांत बहामनी फौजेचा मोड केला, आणि पुढें त्याच परिसरांत आपल्या नांवाचें नगर वसविलें. (या नगराचें नांव इ. स. २०२४ पासून अहिल्यानगर असें झालें आहे.) मलिक अहमदाचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा याच्या कारकीर्दींत ही तोफ येथें ओतली गेली. ती जेथें ओतली ती जागा रूमीखानाच्या कबरीजवळ होती, असें एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज लेखकांनीं नमूद केलें आहे. पुढें तोफ परंड्याच्या किल्ल्यांत गेली आणि इ. स. १६३२ मध्यें तेथून विजापुरास नेण्यांत आली. आज ती विजापूरच्या, म्हणजे सध्यांच्या विजयपुर शहराच्या, शेर्झा बुरुजावर आहे.

तोफेवरील लेख हें या विषयांतील अव्वल साधन होय. एका लेखांत कर्त्याचें नांव महंमद बिन हसन रूमी असें आहे. दुसऱ्यांत पैगंबराच्या घराण्याचा सेवक अबुल गाझी निजामशहा असा उल्लेख असून हिजरी सन ९५६, म्हणजे इ. स. १५४९, दिला आहे. बुऱ्हाणशहानें शिया पंथ स्वीकारल्यानंतर अशी बिरुदावली येणें अगदीं स्वाभाविक आहे. तेव्हां मजकूर व काळ यांचा येथें मेळ बसतो. तिसरा लेख औरंगजेबाचा असून त्यांत विजापूर जिंकल्याचा उल्लेख व हिजरी १०९७ हा सन आहे. केवळ हा तिसराच लेख कोणी वाचला तर तोफ आलमगिरानें ओतविली असा भ्रम सहज होईल. तीनही लेख एकत्र वाचले म्हणजे तो भ्रम नाहींसा होतो. ज्या बादशहानें या निजामशाही तोफेवर आपला विजय कोरविला, त्याचा शेवट ३ मार्च १७०७ रोजीं त्याच नगर-भिंगारच्या छावणींत व्हावा, हा योगायोग वाचकांच्या ध्यानांत येईलच.

लेखांच्या बाबतींत आपण एवढी काळजी घेतों. ज्या धातूवर ते लेख कोरले आहेत त्याच्याविषयीं मात्र आपण काय करितों?

३

धातूविषयीं दोन विधानें प्रचलित आहेत. पहिलें परंपरेचें : तोफ पंचधातूची असून तींत सोन्यारुप्याचा अंश मोठा आहे, म्हणूनच ती भर उन्हांतही थंड लागते आणि आघात केला असतां घंटेसारखी वाजते. दुसरें पृथक्करणाचें : तोफेच्या धातूंत शेंकडा ८०·४२७ भाग तांबें व १९·५७३ भाग कथील आहे. हा दुसरा आंकडा प्रवासवर्णनांपासून तोफांवरील लेखांपर्यंत वारंवार आढळतो, आणि बहुतेक ठिकाणीं तो उघडा, म्हणजे पृथक्करण करणाराचें नांव, तुकड्याची जागा व पद्धति यांपैकीं कांहींच सोबत न घेतां येतो. परंपरेचें खंडण करण्यास एवढा आंकडा पुरे, असें समजून लेखक पुढें जातात.

आंकडा खोटा आहे असें येथें म्हणावयाचें नाहीं. त्यावर किती भार टाकतां येईल, एवढेंच पाहावयाचें आहे.

४

पहिली शंका आंकड्याच्या बेरजेविषयीं आहे. ८०·४२७ व १९·५७३ मिळून बरोबर १०० होतात. एक सहस्रांश अधिक नाहीं कीं उणा नाहीं. हें ऐकावयास बरें वाटतें. परंतु ज्यानें तराजूवर काम केलें आहे तो येथेंच थांबेल. धातूचा तुकडा नत्राम्लांत विरघळवून कथिलाचा पांढरा साका वेगळा करावयाचा, तो गाळून, भाजून तोलावयाचा. तांबें स्वतंत्रपणें निराळें काढून तोलावयाचें. असें केलें असतां बेरीज बहुधा शंभराच्या किंचित् अलीकडे किंवा पलीकडे पडते. त्यांतून सोळाव्या शतकांतील तांबें शुद्ध नसे. शिसें, लोखंड, सोमल, अंजन, रुपें यांचे अल्प अंश त्यांत राहात. दोनच धातूंची बेरीज तंतोतंत शंभर भरते याचे अर्थ दोनच संभवतात. एक तर एकच धातु प्रत्यक्ष तोलला आणि दुसरा वजाबाकीनें काढला. किंवा दोन्ही तोलून बाकीचे अंश सोडून दिले व प्रमाण शंभरावर आणलें. पहिला अर्थ खरा असेल तर आपल्यापुढें दोन साक्षी नसून एकच साक्ष आहे, आणि ती दोन तोंडांनीं बोलते आहे. दुसरा खरा असेल तर किरकोळ धातूंविषयीं या आंकड्याचें मौन हें त्यांच्या अभावाचें प्रमाण होऊं शकत नाहीं. एखाद्या दप्तरांत शोधलेंच नाहीं असें पत्र त्या दप्तरांत नाहीं, असें म्हणण्यासारखेंच तें होईल.

दुसरी शंका तिसऱ्या दशांशस्थानाविषयीं. पृथक्करणाच्या आंकड्यांतील शेवटचा अंक हा कर्त्याच्या खात्रीची खूण असावयास हवा. कित्येक टनांच्या तोफेंतून काढलेल्या चिमूटभर धातूवरून लक्षांत एक भागापर्यंत संपूर्ण तोफेचें प्रमाण सांगणें हा तराजूचा गुण नव्हे, भागाकाराचा आहे. गणितांत भागाकार करीत गेलें म्हणजे हवीं तितकीं दशांशस्थानें मिळतात. त्यांनीं ज्ञान वाढत नाहीं. ज्या बखरकारानें लढाईंत पडलेल्या माणसांची संख्या एककापर्यंत दिली आहे त्याविषयीं आपण सावध होतों. तीच सावधगिरी येथेंही हवी.

तिसरी शंका सर्वांत महत्त्वाची आहे. ती तुकड्याच्या जागेविषयीं. तांबें व कथील यांचा रस मोठ्या सांच्यांत ओतला म्हणजे तो सर्वत्र एकसारखा थिजत नाहीं. तांब्याचें प्रमाण अधिक असलेला भाग आधीं घट्ट होतो व कथिलानें समृद्ध असा पातळ रस मागें राहतो. हा उरलेला रस पुष्कळदां आकुंचन पावणाऱ्या धातूच्या फटींतून बाहेरच्या पृष्ठभागाकडे ढकलला जातो. ओतकाम करणाऱ्यांस हा ‘कथिलाचा घाम’ परिचित आहे. शिवाय शतकानुशतकें पाऊसवारा खाल्लेल्या पृष्ठावरून तांबें क्षार होऊन निघून जातें व कथील मागें राहतें. म्हणजे दोन्ही कारणांनीं बाहेरची साल पोटापेक्षां अधिक कथील दाखविण्याचा संभव आहे. आतां, ऐतिहासिक तोफेचा तुकडा घेणारा मनुष्य तो कोठून घेईल? अर्थातच बाहेरून, एखाद्या कडेवरून, जेथें इजा दिसणार नाहीं तेथून.

हा केवळ तर्क नव्हे. इ. स. १४६४ मध्यें तुर्कस्थानांत ओतलेली एक प्रचंड तोफ सुलतान अब्दुल अझीझ यानें इ. स. १८६६ मध्यें इंग्लंडच्या राणीस नजर केली. इंग्रज युद्धखात्याचा रसायनज्ञ फ्रेडरिक एबल यानें तिच्या धातूचें पृथक्करण केलें, तें निरनिराळ्या भागांतून नमुने घेऊन. त्या एकाच तोफेच्या निरनिराळ्या नमुन्यांत कथिलाचें प्रमाण एकसारखें आलें नाहीं. त्यांत लक्षांत घेण्याजोगें अंतर पडलें. आपल्या तोफेचा कर्ता स्वतःस रूमी म्हणवितो, म्हणजे तोही त्याच तुर्की मुलखाकडचा. तेव्हां एबलनें पाळलेली शिस्त ही आपल्या आंकड्यास लावण्याची अगदीं योग्य कसोटी आहे. एका जागेचा एक नमुना हा त्या जागेविषयींची साक्ष देतो, तोफेविषयीं नव्हे.

५

आतां परंपरेकडे वळूं. आंकड्याची झाडणी केली म्हणजे परंपरा आपोआप खरी ठरते असें नव्हे. तिलाही त्याच न्यायासनापुढें उभें केलें पाहिजे.

सोन्याचा अंश ‘मोठा’ होता म्हणजे किती? तोफेचें वजन पुष्कळ पुस्तकांत ५५ टन दिलें आहे. तें धरून चाललें तर शेंकडा एक भाग सोनें म्हणजे अर्ध्या टनाहून अधिक, सुमारें सत्तेचाळीस हजार तोळे होतें. एवढें सोनें तोफेंत घालून राजानें काय साधलें असतें? सोन्यानें तोफ मजबूत होत नाहीं. ओततांना भाविकपणें मूठभर मोहरा किंवा दागिने रसांत टाकले असतील तर तें शक्य आहे. पण तो अंश इतक्या धातूंत हजारांत एक भागही भरणार नाहीं, आणि तो शोधण्यास वेगळी परीक्षा लागेल.

इ. स. १८५४ मध्यें सरकारनें ही तोफ निरुपयोगी म्हणून लिलावांत काढली असतां फक्त १५० रुपयांची बोली आली, व ती फारच थोडी वाटल्यावरून विक्री रद्द झाली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. कांहीं जण ती सोनें नसल्याचा पुरावा म्हणून सांगतात. तो पुरावा नव्हे. तोफ शुद्ध तांब्याची असती तरी तिची किंमत दीडशें रुपयांच्या कितीतरी पट झाली असती. बोली इतकी खालीं आली याचें कारण ती फोडून नेण्याची अडचण हेंच असावें. पुरावा आपल्या मताच्या बाजूचा असला म्हणून त्याची तपासणी माफ होत नाहीं.

तोफ उन्हांत थंड लागते, हें विधान धातूविषयीं कांहींच सांगत नाहीं. इतका मोठा गोळा सावकाश तापतो, व हाताची ऊब धातु लवकर ओढून घेतो; कोणत्याही जाड तोफेस हें लागू आहे. परंतु ती घंटेसारखी वाजते हें विधान मात्र निराळ्या प्रतीचें आहे. नेहमींच्या तोफेच्या धातूंत कथील शेंकडा आठ ते दहा असतें. घंटेच्या धातूंत तें वीस ते बावीसपर्यंत जातें, आणि त्यामुळेंच त्यास स्पष्ट नाद येतो. शिवाय कथील वाढत गेलें कीं तांब्याचा लालसरपणा जाऊन धातु फिकट पिवळा व पुढें पांढुरका दिसूं लागतो. घासून चकचकीत केलेल्या अशा धातूंत सोनें व रुपें मिसळलें आहे असें पाहणारास वाटलें तर नवल नाहीं. म्हणजे परंपरेचा निष्कर्ष चुकीचा असला तरी तिनें केलेलें निरीक्षण खरें असण्याचा संभव आहे. परंपरा टाकून देतांना तिच्या पोटांतील निरीक्षण टाकून देऊं नये, हा यांतला बोध.

येथें आणखी एक स्वतंत्र साक्षीदार येतो. साधारणपणें तेराव्या-चौदाव्या शतकांतील मानल्या जाणाऱ्या रसरत्नसमुच्चय या रसग्रंथांत कांस्याची कृति आठ भाग तांबें व दोन भाग कथील अशी दिली आहे. म्हणजे प्रमाण ८० व २० होतें. कांसाराच्या भट्टींत हें प्रमाण सर्वश्रुत होतें, तेव्हां नगरांत बसून तोफ ओतणाऱ्या रूमी कारागिरास तें अपरिचित असण्याचें कारण नाहीं. पृथक्करणाचा आंकडा या प्रमाणाच्या अगदीं जवळ येतो. परंतु येथेंही तोल सांभाळला पाहिजे. ग्रंथांतील प्रमाण हें मुशींत काय घालावें याचें आहे. पृथक्करणाचें प्रमाण हें थिजल्यावर एका जागीं काय सांपडलें याचें आहे. दोन्ही जुळलीं तर संभव वाढतो, सिद्धता होत नाहीं. उलट पक्षीं, वीस भाग कथिलाचा धातु ठिसूळ असतो व बारुदाच्या धक्क्यानें तडकण्याची भीति असते, हा मोठा आक्षेप उभाच आहे. तोफेच्या भिंती फुटाहून अधिक जाड आहेत, यांत त्या आक्षेपाचें उत्तर असूं शकेल. परंतु कारागिरानें तीं प्रमाणें त्याच हेतूनें ठेवलीं, असें म्हणण्यास आज लेखी आधार नाहीं.

६

आंकड्याची परीक्षा कशी करतां येते याचा एक सोपा नमुना तोफेच्या वजनांत आहे. तोफ कोणी तराजूंत घातलेली नाहीं. तेव्हां ५५ टन हा अंदाजच होय. तो तपासण्यास रसायनशाळा लागत नाहीं. लांबी सुमारें १४ फूट ४ इंच, बाहेरचा व्यास सुमारें ४ फूट ११ इंच, नळीचा व्यास सुमारें २ फूट ४ इंच अशीं मापें दिलीं जातात. सर्वत्र हाच व्यास धरून नळीची पोकळी वजा केली तर धातु सुमारें २१० घनफूट होतो. कांशाच्या एका घनफुटाचें वजन सुमारें ५४५ पौंड. त्यावरून एकंदर वजन ५१ टनांच्या आसपास येतें. मागची बाजू भरीव व बारुदाची कोठी अरुंद असल्यामुळें यांत थोडी भर पडेल. तेव्हां ५५ टन हा आंकडा अशक्य नाहीं. परंतु बाहेरचा सरासरी व्यास साडेचार फूटच धरला तर तोच हिशेब ४० टनांच्या जवळ येतो. मापांत अर्ध्या फुटाहून कमी फरक, आणि वजनांत दहा टनांहून अधिक! ज्यास मूळ मापें कोठें व कशीं घेतलीं हें ठाऊक नाहीं त्यानें ५५ हा अंक निश्चित म्हणून लिहूं नये. ४० ते ५५ असें लिहावें.

७

हा सर्व खटाटोप कशासाठीं, असा प्रश्न वाचक विचारतील. तोफेंत कथील वीस भाग कीं दहा भाग, यानें इतिहासांत काय बदलतें?

पुष्कळ बदलतें. दख्खनच्या पठारावर कथिलाची नांव घेण्याजोगी खाण नाहीं. पश्चिम किनाऱ्यावर येणारें कथील मुख्यतः पूर्वेकडील मलाया व त्याच्या शेजारच्या मुलखांतून समुद्रमार्गें येत असे. निजामशाहीचें मोठें बंदर चौल. आणि चौलास सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांचा किल्ला उभा होता. आतां आंकडे मांडून पाहा. तोफ ५५ टन व कथील वीस भाग धरलें तर एका तोफेसाठीं ११ टन कथील नगरास यावें लागलें. तोफ ४० टन व कथील दहा भाग धरलें तर ४ टन पुरलें. पहिला आंकडा घेतला तर बुऱ्हाणशहाच्या समुद्रव्यापाराचें, त्याच्या खजिन्याचें व पोर्तुगीजांशीं असलेल्या व्यवहाराचें एक चित्र उभें राहतें; दुसरा घेतला तर जवळजवळ एकतृतीयांश आकाराचें निराळेंच चित्र. जो लेखक ८०·४२७ व १९·५७३ हे अंक डोळे मिटून उतरून घेतो, तो नकळत या दोन चित्रांतून एकाची निवड करीत असतो. आणि ती निवड त्यानें केली आहे हें वाचकास कळतही नाहीं. चुकीच्या सनावलीनें जितका घोंटाळा होतो तितकाच अशा आंकड्यानें होऊं शकतो. फरक इतकाच कीं सनावली तपासणारे पुष्कळ आहेत, आंकडा तपासणारे थोडे.

८

तात्पर्य, या आंकड्यास कोणती प्रत द्यावी? आमच्या मतें तो दुय्यम साधनांत बसतो. तोफ कांशाच्या जातीची, म्हणजे तांबें व कथील यांची आहे, आणि तिच्या निदान कांहीं भागांत कथील नेहमींच्या तोफेपेक्षां पुष्कळ अधिक आहे, एवढें त्यावरून, नादाच्या व रंगाच्या साक्षीसह, मानण्यास हरकत नाहीं. ‘सुमारें चार भाग तांबें व एक भाग कथील’ असें लिहिणें योग्य. तिसऱ्या दशांशापर्यंत लिहिणें अयोग्य. सोन्यारुप्याविषयीं या आंकड्याचा आधार, होय किंवा नाहीं या कोणत्याच बाजूनें, देतां कामा नये.

यापुढें अशा कोणत्याही रासायनिक आधाराचा उल्लेख करतांना संशोधकांनीं निदान इतकें नमूद करावें : पृथक्करण कोणी व कोणत्या सालीं केलें, तुकडा वस्तूच्या कोणत्या भागांतून व किती खोल घेतला, नमुने किती, कोणत्या धातूंचा शोध केला व कोणत्यांचा केला नाहीं, बेरीज किती भरली, आणि आंकडा मूळ अहवालावरून घेतला कीं नकलेवरून. यांपैकीं जें मिळत नसेल तें मिळत नाहीं असें स्पष्ट लिहावें. नव्या साधनांनींही ही गरज संपत नाहीं. हातांत धरून चालविण्याचें क्ष-किरण यंत्र तुकडा न काढतां क्षणांत आंकडे देतें हें खरें. परंतु तें वरची अत्यंत पातळ साल तेवढी वाचतें, आणि तोफेची साल किती फसवी असूं शकते हें वर दाखविलेंच आहे. यंत्र नवें झालें म्हणून जुना प्रश्न जुना होत नाहीं.

शेवटीं नगर व भिंगारकडील अभ्यासकांस एक विनंति. तोफ विजापुरास गेली, पण ओतकाम येथें झालें. एवढा रस ओततांना कांहीं सांडला असेल, भट्टीच्या मातीस चिकटला असेल, मळींत राहिला असेल. रूमीखानाच्या कबरीभोंवतालच्या जमिनींत असे अवशेष रीतसर उत्खननानें सांपडले, तर त्यांचें पृथक्करण हें मूळ भट्टीचेंच साधन होईल. तें मिळेपर्यंत ८०·४२७ हा अंक आपण वापरावा, पण ज्या सावधपणें नक्कल केलेलें पत्र वापरतों त्याच सावधपणें.